सुदामरावांच्या पायाचं माप

दिवाळी अंकवाल्या बाई दुकानात आल्या तेव्हा मी आधी त्यांच्या सँडलकडं बघितलं, तोंडाकडं नंतर. डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली होती. म्हणालो, "बाई, तुम्ही जड पिशवी डाव्या खांद्यावर वागवता." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "काका, हेच लिहून द्या आम्हाला. तुमच्या धंद्याचं." मी म्हणालो, "मी तिसरी पास. चौथीच्या वर्गात आठ दिवस बसलो, मास्तरनं कान पिळला, मग परत गेलो नाय. लिहीन, पण माझी भाषा धुऊन इस्त्री करायची नाय." त्यांनी कबूल केलं. शब्द पाळला का नाय ते छापून आल्यावर कळंल.

सगळ्या जिंदगीचं लिहीत बसत नाय. एका माणसाचं लिहितो. त्यात माझं बरोबर किती आणि चूक किती हे मला अजून उमगलेलं नाय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उमगलं तर दुकानावर येऊन सांगावं, पण भांडायची तयारी ठेवून यावं. माणसाचं नाव बदललंय. पाय खरे आहेत.

पैठण गेटाच्या अलीकडं, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर माझं दुकान. घातलं तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर. पाटी नवी रंगवली, हात तोच आहे. मी मापाचे बूट, जोडे, चपला करतो. आता सगळे तयार माल घेतात, तरी ज्यांचे पाय तयार मालात बसत नायत ते माझ्याकडं येतात. वाकडे पाय, मोडलेले पाय, एक लहान एक मोठा असे पाय. देवानं कारखान्यातल्यासारखे पाय काढले असते तर मी उपाशी मेलो असतो.

धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. गिऱ्हाईक आलं की मी त्याला कोऱ्या कागदावर उभं करतो. बसवून माप घेणारे कारागीर आहेत, त्यांचं नाव घेत नाय. माणूस उभा राहिला की पाय पसरतो, तो खरा पाय. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायची. पेन्सिल आत कलली की बूट आखूड, बाहेर कलली की ढिला. मग फितीनं पंजा, वरचा उंचवटा, टाच मोजायची. आणि हे सगळं दुपारी चारच्या नंतर. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एक नसतो. दिवसभर उभं राहून, चालून तो थोडा पसरतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. शेवटी अंगठ्यानं ठिकठिकाणी दाबून बघायचं, हाड कुठं, मांस कुठं, दुखतं कुठं. प्रत्येकाचा कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. वर नाव आणि महिना. तेवढं तिसरीत शिकवलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. लासूर स्टेशनचे एक अडते होते, त्यांना करकर वाजणारे जोडे पाहिजेत. मालक आला हे दुकानातल्या माणसांना लांबून कळलं पाहिजे. मी तळाच्या दोन थरांमध्ये बी घालून दिलं, तसं घातलं की जोडा वाजतो. महिन्यात परत आले. म्हणे, "काढा ते बी. मी पोचायच्या आधीच सगळे कामाला लागलेले असतात, कामचोर कोण ते सापडंना." दुसरे एक पेन्शनर कारकून. त्यांचा पाय आठ नंबरचा, पण ते म्हणायचे मी जन्मभर सातच घातला. भांडून भांडून थकलो. शेवटी आठचा बूट केला आणि तळावर सात उमटवला. बारा वर्षं खुशीनं घालत होते. ही लबाडी मी केली आणि मला तिचं काही वाटलं नाय. सांगून ठेवतो, कारण पुढं मी एका माणसाला भर बाजारात खोटारडा म्हणालो.

तर सुदामराव. वैजापूरकडचे. भावांची तिकडं जमीन, हे चितेगावला एका कंपनीत सुपरवायझर. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, आवाज मोठा. लहानपणी उजव्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलेलं, त्यामुळं दोन बोटं एकावर एक चढलेली. तयार बूट होईना म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. पहिला बूट घालून ते पायऱ्या उतरले, परत चढले, परत उतरले. म्हणाले, "काका, तीस वर्षांनी पायाला पाय असल्यासारखं वाटू राह्यलं." तेव्हापासून ते माझे.

ते पीत होते. रविवारी दुकानात आले की वास यायचा. पण झोकांडी नाय, शिवीगाळ नाय. मी एकदा बोललो तर म्हणाले, "काका, रोज सातला बसतो, नऊला उठतो. कामावर एक खाडा नाय. दारुडा म्हणजे नालीत पडतो तो. मी कधी पडलो का?" मला ते पटलं. आम्ही पिणारा ओळखायचा तो त्याच्या चालण्यावरून, आणि सुदामरावांची चाल सरळ होती. मी स्वतः घेत नाय, त्यात मोठेपणा काही नाय. हात हालला की आरी बोटात घुसते.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एका दसऱ्याच्या तोंडावर सुदामराव नवाकोरा बूट हातात घेऊन आले.

"काका, माप चुकलं."

माझ्या हातातली चामडं कापायची रापी थांबली. "काय चुकलं?"

"चावू राह्यला. संध्याकाळी तर काढावाच लागतो."

"माझं माप चुकत नाय. तुम्ही मोजे जाड घालायलात."

"मोजे तेच हायेत."

"मग पाय चुकला."

शेजारी रहीमभाईंचं चहाचं दुकान. ते तिथूनच ओरडले, "उस्ताद, कायकू भडक रै? पांव बी कबी चुकता क्या?"

मी पेटीतून जुना कागद काढला आणि सुदामरावांना त्याच्यावर उभं केलं. बघतो तर पाय रेघेच्या बाहेर. चारी बाजूंनी. दोन सूत, म्हणजे पाव इंच. पंचेचाळीसच्या माणसाचा पाय वाढत नाय. कागद माझा, रेघ माझी, अक्षर माझं. रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर जायच्या आधी सकाळीच बोलावलं. परत कागदावर उभं केलं, तर पाय रेघेत बरोबर बसला! आता काय म्हणायचं याला? सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरा. पाय संध्याकाळी पसरतो हे मीच लोकांना सांगतो, पण इतका?

मी आपलं मनाचं काढलं. कंपनीत दिवसभर सिमेंटवर उभे राहतात, वय झालं, अंग धरायलेत. अंगठ्यानं दाबून बघितलं तर पायावर खड्डा पडला. कणकेत पडतो तसा, आणि तो लवकर भरंना. रहीमभाईंना दाखवला. ते म्हणाले, "खाता-पिता आदमी है उस्ताद, चरबी आ रई." व्हय, म्हणालो मी. खरं सांगायचं तर मला तेव्हा पायाची काळजी नव्हती. माप चुकलेलं नाय, पायच फिरतोय, हे सिद्ध झालं याचा आनंद होता.

मग लागलो कामाला. बंद बूट होता त्याला समोरून चिरून लेस दिली, म्हणजे संध्याकाळी सैल करता येतो. तीन-चार महिन्यांनी लेसही पुरंना, तर पंजावर दोन्ही बाजूंनी इलॅस्टिक घातलं. पुढच्या उन्हाळ्यात बूट सोडून पट्ट्याची चप्पल केली, बकलाला सात भोकं. दर वेळी नवा कागद, नवी रेघ. दर वेळी सुदामराव म्हणायचे, "काका, तुमच्यामुळं चालू राह्यलो बघा." आणि मी फुगायचो. त्या दिवसांत ते माझ्या तीन पायऱ्या चढले की धापा टाकायचे. मी स्टूल पुढं करायचो आणि वर चिडवायचो, "सुपरवायझर झाल्यापासून चालायचं इसरलात." तोंड त्यांचं उतरलं होतं, पोट सुटलं होतं. डोळ्यांपुढं सगळं होतं. मी पाय बघत होतो.

बकलाच्या शेवटच्या भोकावर आम्ही आलो आणि सुदामराव यायचे बंद झाले. पंधरा दिवसांनी एका दुपारी त्यांच्या मंडळी दुकानात आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. पिशवीतून तीच पट्ट्याची चप्पल काढली.

"काका, ही तुम्हीच केली ना?"

"व्हय. काय झालं? तुटली का?"

"त्यांना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. आडवं झालं की दम लागतो, तीन उशा घेऊन बसून झोपतात. डॉक्टरीणबाई विचारायल्यात की पायावर सूज कधीपासून. मला नाय सांगता येत, त्यांना तर नायच. ते म्हणाले, चप्पलवाल्या काकांना माहीत असंल."

मी पेटीतून सुदामरावांचे सगळे कागद काढले, गुंडाळी केली आणि वहिनींबरोबर रिक्षात बसलो. दवाखान्यात मी कधी कुणाला विचारायला गेलो नव्हतो. कुणाला काही सांगायला जाईन असं तर मनातही नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, माझ्या नातीएवढ्या. त्यांनी कागद टेबलावर एकावर एक ठेवले आणि उजेडाकडं धरले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. रेघा बाहेर बाहेर सरकत गेलेल्या, पाण्यात खडा टाकल्यावर लहरी जातात तशा. वर महिने लिहिलेले. बाईंनी महिने बोटानं मोजले. मग म्हणाल्या, "काका, हे तुम्ही काढलेत? वर्षाच्या वर झालं की सूज येऊन."

"सूज नव्हे बाई, पाय पसरत होता."

त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. मी समजलो तसं लिहितो, चूक असंल तर माझी. दारूनं लिव्हर जातं हे सगळ्यांना माहीत असतं. पण रोज, वर्षानुवर्षं, जास्त पीत राहिलं तर काळजाचं, म्हणजे हृदयाचं, मांसही बिघडतं. ते सैल पडतं. काळीज पिशवीसारखं मोठं होतं, पण त्यात जोर राहत नाय. रक्त पुढं ढकललं जात नाय आणि अंगात पाणी साचत जातं. उभ्या माणसाचं पाणी पायात उतरतं, रात्री आडवा झाला की पायातलं निघून छातीकडं येतं. म्हणून सकाळी पाय रेघेत, आणि म्हणूनच झोपताना दम.

हे मला लगेच समजलं. ओलं चामडं फर्म्यावर, म्हणजे लाकडी पायावर, फार वेळा ताणलं की ते असंच होतं. दिसायला मोठं, पण जीव गेलेला. मग कितीही ठोका, आकार धरत नाय. मी विचारलं, "बाई, चामडं तर परत येत नाय. काळीज येतं का?"

"काहींचं बरंच सुधारतं. पण थेंबसुद्धा बंद करावी लागते. कमी करून नाही चालत. आणि गोळ्या न चुकता."

"पण ते कधी पडले नायत हो," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. त्यांची बाजू घ्यायची होती की माझी.

बाई म्हणाल्या, "पडले असते तर लवकर आणलं असतं कुणीतरी. पायाला काही टोचलं, रुतलं असतं तरी आले असते."

त्या सहज बोलल्या. त्यांना काय माहीत, सात भोकांचं बकल कुणी केलं ते. मी घरी येईपर्यंत ते एकच वाक्य. वर्षभर त्या माणसाचे पाय ओरडत होते, आणि मी दर तीन महिन्यांनी त्यांचं तोंड बंद करून देत होतो, आणि शाबासकी घेत होतो. मग वाटायचं, मी काय डॉक्टर आहे? चप्पल करणाऱ्याकडं माणूस चप्पल मागतो. त्याला दवाखान्यात जा म्हणालो असतो तर तो हसला असता. मग परत वाटायचं, हसू दिला असता, सांगायचं तर होतं. असं इकडून तिकडं. आमची मंडळी म्हणाली, जेवा आता. जेवलो.

चार महिन्यांनी सुदामराव आले. बारीक झालेले, गालफडं बसलेली, पण तिन्ही पायऱ्या एका दमात चढले. दारू सोडलेली. "एक थेंब नाय काका," ते म्हणाले, आणि आवाज बारीक होता. कामावर परत घेतलं होतं, हलकं काम दिलं होतं. पहिल्या कागदावर उभं केलं तर पाय रेघेच्या आत बसला, वर जागा उरली. "बंद बूट करा, पहिल्यासारखा," म्हणाले.

आणि इथं मी ते केलं.

मी त्यांचं माप सकाळी घेतलं. जन्मात कुणाचं घेतलं नव्हतं. वरचं चामडं जाड निवडलं, न ताणणारं. लेस नाय, इलॅस्टिक नाय, सुताइतकी ढील नाय. सकाळी छान बसंल, दिवसभर चालंल, पण पायात जरा पाणी उतरलं की चावंल. चावलं की ते माझ्याकडं येतील, आले की मी त्यांना दवाखान्यात पाठवीन. माझ्या मनात हा बूट म्हणजे राखण होती. माझ्या हातानं जाणूनबुजून चावणारा बूट केला, आणि सगळ्या बुटांत त्याच्यावर जास्त मेहनत घेतली. पण हे मी सुदामरावांना सांगितलं नाय. का नाय सांगितलं? सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, काका, माझ्यावर भरवसा नाय का? आणि खरं तर नव्हताच.

दोन महिने ठीक गेले. मग लग्नसराईत एका संध्याकाळी ते आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तीन बायका लग्नासाठी चपला बघत होत्या. सुदामराव कडेला थांबले. माझ्याजवळ येऊन, आवाज बारीक करून म्हणाले, "काका, सवडीनं जरा ढिला करता का? घाई नाय."

मी खाली बघितलं. बुटाच्या काठावर मांस चढलेलं. मोजा खाली केला आणि अंगठा दाबला. खड्डा.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, आणि हळू नाय म्हणालो, "परत सुरू केली ना?"

"नाय काका."

"नाय काय नाय? हे काय हाय मग?"

"पोरांची शपथ, एक थेंब..."

"पोरांची शपथ घालू नका. पाय खोटं बोलत नाय. तुम्ही खोटं बोलायलात."

बायका चपला हातात धरून बघत राहिल्या. रहीमभाई कपबशी घेऊन बाहेर आले, "उस्ताद, आहिस्ता..." सुदामराव माझ्याकडं बघत होते. मग ते खाली बसले, दोन्ही बूट ओढून काढले, पायरीवर जोडीनं ठेवले आणि तसेच अनवाणी रस्त्यानं निघून गेले. उजव्या पायाची चढलेली दोन बोटं सोलून लाल झाली होती. मला हाक मारता आली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. वर चढल्या नायत, रस्त्यातच उभ्या राहून बोलल्या.

"काका, तुम्ही माझ्या मालकाला दारुडा म्हणालात?"

"पाय सुजलाय वहिनी. मी स्वतः..."

"सुजलाय. दारूनं नाय. वैजापूरला पुतण्याचं लग्न होतं. एसटीत लघवीला कुठं उतरायचं, म्हणून अंगातलं पाणी काढायची गोळी जाताना घेतली नाय. मग कामावर पण उठून जाता येत नाय म्हणून घेतली नाय. मी आठ दिवस तिकडंच राहिले, इकडं बघायला कोण? लग्नात पापड, लोणचं, सगळं खाल्लं. सगळं खारट, मीठ बंद असताना." त्यांचा आवाज फाटला. "पण त्या लग्नात सगळ्या भावकीनं गिलास पुढं केला होता काका. चुलत्यानं हात धरला, म्हणे आजचा दिवस. यांनी सगळ्यांपुढं हात जोडले आणि पाणी पिले. मी बघितलंय. आणि तुम्ही भर बाजारात..."

मी आरी खाली ठेवली.

"आज कामावर गेले नायत. सकाळी बाटली आणलीय. समोर ठेवून बसलेत. म्हणतात, न पिता नाव लागतंच हाय तर मग पितोच. अजून उघडली नाय. मी देवाचं नाव घेत तुमच्याकडं आले. दवाखान्यात चला म्हणलं तर ऐकत नायत."

मी म्हातारा माणूस. उभ्या जन्मात कुणाला "चुकलो" म्हणालेलो नाय. बापाला नाय, मास्तरला नाय, बायकोला तर नायच. रिक्षात बसल्यावर मी तोंडातल्या तोंडात ते म्हणून बघत होतो. बूट मांडीवर होते.

सुदामराव खुर्चीत बसले होते. टेबलावर बाटली, तिचं टोपण जिथल्या तिथं. मला बघून उठले नायत. "या काका. माप घ्यायला आलात का?"

मी खाली जमिनीवरच बसलो. माझी बसायची सवय ती. "सुदामराव," म्हणालो, "एक सांगायचंय. हा बूट मी चावायला म्हणूनच केला होता."

"काय म्हणालात?"

"सकाळचं माप घेतलं. ढील ठेवली नाय. पाय सुजला की चावावा आणि तुम्ही लगेच माझ्याकडं यावं, म्हणून."

त्यांनी माझ्या हातातल्या बुटांकडं बघितलं. मग त्यांना हसू यायला लागलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं, मधे मधे दम लागत होता. "काका... अहो काका... तो दहा दिवसांपासून चावू राह्यला. रोज. फोड आला, फुटला, परत आला. मी चिंधी बांधून घालू राह्यलो."

"मग का नाय आलात? पहिल्याच दिवशी यायचं!"

"कसा येऊ? मला वाटलं काकांचा हात गेला. वय झालं, नजर गेली, पहिल्यांदा बूट बिघडला. तुम्हाला कोण सांगंल तोंडावर, तुमचा बूट चावतो म्हणून? मागं मी एकदा म्हणलो होतो, तर किती भडकले होते तुम्ही. म्हणलं सोसावं. काल पायच जाईना आत, म्हणून आलो."

आता तुम्हीच सांगा. मी त्याच्यासाठी बूट चावरा केला आणि सांगितलं नाय. तो माझ्यासाठी चावणं सोसत राहिला आणि सांगितलं नाय. दहा दिवस पाणी चढत होतं. यात कुणाला काय म्हणायचं?

मी म्हणालो, "चुकलो." शब्द निघाला, पण कशाबद्दल म्हणालो ते मला नीट माहीत नव्हतं. बूट, बोलणं, का सात भोकांचं ते बकल. सगळ्याला मिळून एकच म्हणालो.

सुदामराव खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी पाय पुढं केला. मी अंगठा दाबला, खड्डा पडला, आम्ही तिघं तो भरायची वाट बघत राहिलो. भरंना. मग ते म्हणाले, "चला." वहिनींनी बाटली मोरीत ओतली, वास घरभर झाला, आणि आम्ही दार लावून निघालो. त्यांच्या पायात काहीच जाईना म्हणून मी माझ्या चपला काढून दिल्या. त्यासुद्धा नुसत्या अडकवल्या.

दवाखान्यात त्यांना परत ठेवून घेतलं. आठ दिवसांत पाणी उतरलं. सुदामराव आहेत, कामावर आहेत, काळीज पूर्ण सुधारलेलं नाय, पण धरून आहे. ते आता मापाला वर्दळ नसताना सकाळी येतात, मीही सकाळचंच घेतो, आणि सुताची ढील ठेवायची का नाय ते दर वेळी दोघं मिळून ठरवतो. दर वेळी भांडण होतं. पण हे नंतरचं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

सुदामरावांनी माझ्याकडं बघितलं. मग बाईंकडं बघून म्हणाले, "कालपासून."

मला कळलं ते का म्हणाले. दवाखाना भरलेला होता. बाकावर माझी दोन जुनी गिऱ्हाइकं बसलेली मी येतानाच बघितली होती, त्यांच्या पायात माझेच बूट. दहा दिवस म्हणाले असते तर चावऱ्या बुटाचं निघालं असतं.

"दहा दिवस झाले," मी म्हणालो. बाईंना ऐकू गेलं नसावं, म्हणून परत मोठ्यानं म्हणालो, "दहा दिवस. माझा बूट त्यांना दहा दिवस चावत होता."

बाकावरच्या दोघांनी मान वळवली. बाईंनी कागद ओढला आणि लिहून घेतलं.